विश्लेषण : नैराश्य कुणालाही होऊ शकतं, पण ते किती वाढेल, हे कशावर ठरतं?

'डिप्रेशन कुणालाही होऊ शकतं' हे वाक्य आता सगळ्यांच्या ओळखीचं झालंय. अभिनेत्री दीपिका पदुकोणने २०१५ मध्ये स्वतःच्या आजाराबद्दल उघडपणे सांगितलं, तेव्हापासून ते पोस्टरवर, रीलवर, कॉलेजच्या भित्तिपत्रकावर दिसतं. वाक्य खरं आहे. पण ते इथेच थांबतं आणि पुढचा प्रश्न राहून जातो. आजार कुणालाही होत असेल, तर तो कुणाचा पाच-सहा आठवड्यांत आटोक्यात येतो आणि कुणाचा चार वर्षं अंगावर निघतो, हे कोण ठरवतं?

माझ्या ओळखीतली दोन माणसं सांगतो. पहिला माझा इंजिनिअरिंगचा मित्र. पुण्यात आयटी कंपनीत आहे. झोप उडाली, कामात लक्ष लागेना, तेव्हा तिसऱ्या आठवड्यात त्याने मोबाइलवरच समुपदेशकाची वेळ घेतली. पहिली काही सत्रं कंपनीच्या खर्चाने झाली. त्याने भरलेल्या प्रश्नावलीत गुण आले ११, म्हणजे मध्यम नैराश्य.

दुसरी माझी मावशी. मुखेड तालुक्यातल्या एका गावात राहते. तीन एकर कोरडवाहू जमीन, तीही काकांच्या नावावर. "काईच गोड लागंना रे, डोस्कं नुसतं भणभण करतंय," असं ती फोनवर म्हणायची. आम्ही 'आराम कर' म्हणायचो. गावातल्या डॉक्टरकडे सलाईन झाली, तालुक्याला रक्त तपासलं, शहरात डोक्याचा सीटी स्कॅन झाला. मधल्या काळात कुणीतरी 'बाहेरचं आहे' म्हणालं, म्हणून अंगाराही झाला. ती मानसोपचारतज्ज्ञासमोर बसली तेव्हा चार वर्षं होत आली होती. त्याच प्रश्नावलीत तिचे गुण आले २१. म्हणजे तीव्र.

११ आणि २१ मधल्या या दहा गुणांत आजार किती आणि चार वर्षांचा उशीर किती? या लेखाचा विषय तोच आहे.

तीव्रता मोजतात तरी कशी?

रक्तातली साखर मोजावी तसं नैराश्य मोजता येत नाही. त्यासाठी प्रश्नावली असतात. सर्वाधिक वापरातली 'पीएचक्यू-९' २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात नऊ प्रश्न आहेत. गेल्या दोन आठवड्यांत मन उदास होतं का, कशात रस वाटेनासा झालाय का, झोप, भूक, थकवा, स्वतःबद्दल वाईट वाटणं, लक्ष न लागणं, हालचाल मंदावणं किंवा अस्वस्थपणे येरझाऱ्या घालणं, आणि शेवटी जगणं नकोसं वाटणं. प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण, एकूण २७. पाचपासून सौम्य, दहापासून मध्यम, पंधरापासून मध्यम ते तीव्र, विसापासून तीव्र. डॉक्टर स्वतः प्रश्न विचारून भरतात ती 'हॅमिल्टन' मोजपट्टी याहून जुनी, १९६० ची.

इंजिनिअरिंगला आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं की, कुठलंही मोजमाप वापरण्याआधी उपकरण कुठे आणि कशावर तपासलंय ते बघा. पीएचक्यूकडे तसं बघितलं की काही गोष्टी लगेच दिसतात. लक्ष लागत नाही का, या प्रश्नात उदाहरण दिलंय वर्तमानपत्र वाचण्याचं किंवा टीव्ही बघण्याचं. जिला वाचता येत नाही आणि जिच्या हाती रिमोट कधी येत नाही, तिने काय उत्तर द्यायचं? झोपेचा प्रश्न घ्या. शेतीच्या फीडरला आठवड्यातले काही दिवस रात्रीचीच लाईट असते, तेव्हा माणूस मोटार चालू करायला शेतात जातो. त्याची झोप आजाराने मोडली की वेळापत्रकाने? थकव्याचं तेच. पहाटे पाचला उठून घरचं आवरून दिवसभर सोयाबीन काढणारी बाई थकलेली असणारच.

याचा अर्थ प्रश्नावली निकामी आहे असा नाही. भारतासह अनेक देशांत ती वापरली गेली आहे आणि प्राथमिक चाळणी म्हणून कामाची आहे. पण कागद हातात देऊन 'भरा' म्हणणं आणि समोर बसून तिच्या बोलीत विचारणं, यांत फरक पडतो. आपल्याकडे 'मी उदास आहे' असं क्वचितच कुणी म्हणतं. 'करमंना', 'जीव घाबरा होतो', 'हातपाय गळून जातात', 'अंगाची आग होते', 'मुंग्या येतात' असं म्हणतात. ऐकणाऱ्याला ही भाषा कळली नाही तर अशक्तपणाचं निदान होतं आणि सलाईन लागते.

'सामाजिक पार्श्वभूमी' म्हणजे नेमकं काय?

वैद्यकीय महाविद्यालयांतल्या अभ्यासांत रुग्णाचं वय, लिंग, शिक्षण, वैवाहिक स्थिती, व्यवसाय, राहणं शहरी की ग्रामीण, आणि सामाजिक-आर्थिक वर्ग अशी नोंद होते. हा वर्ग काढायला भारतात दोन पट्ट्या फार चालतात. एक बी. जी. प्रसाद यांची, १९६१ पासूनची. ती दरडोई मासिक उत्पन्नावर चालते. दुसरी कुप्पुस्वामी यांची, मुळात शहरी कुटुंबांसाठीची. तिच्यात कुटुंबप्रमुखाचं शिक्षण, त्याचा व्यवसाय आणि कुटुंबाचं मासिक उत्पन्न धरतात. महागाईप्रमाणे दोन्हींतले आकडे वेळोवेळी बदलले जातात.

आता या पट्ट्या मावशीला लावून बघू. 'मासिक उत्पन्न' किती? सोयाबीन वर्षातून एकदा निघतं. पैसे आडतीवर एकदा हातात येतात आणि त्यातून आधी दुकानदाराची उधारी जाते. बाराने भागून जो आकडा येईल तो कागदावर बरोबर असतो, पण जूनमध्ये बियाण्याला पैसे नसतात तेव्हाची घालमेल त्यात येत नाही. 'कुटुंबप्रमुख' कोण? काका. म्हणजे तिचा वर्ग ठरला काकांच्या शिक्षणावरून. तिच्या स्वतःच्या हातात किती पैसे असतात, ती एकटी एसटीत बसून दवाखान्यात जाऊ शकते का, हे कुठल्याच रकान्यात येत नाही. जात तर या पट्ट्यांत नाहीच. गावात कुणाच्या दारात जाऊन मन मोकळं करता येतं आणि कुणाच्या दारात उभंही राहता येत नाही, हे आपल्याकडे अजूनही जातीवरून ठरतं.

म्हणून अशा अभ्यासांतलं 'निम्न वर्गात तीव्रता अधिक' हे वाक्य वाचताना त्यामागे काय काय दडलंय ते बघावं लागतं. गरिबी हा शब्द एक असला तरी त्यात कर्ज, जमीन, जात, बाईपण, अंतर आणि वेळ हे सगळं येतं.

गरिबीमुळे नैराश्य की नैराश्यामुळे गरिबी?

हा वाद जुना आहे. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राऊन आणि टिरिल हॅरिस यांनी लंडनच्या कॅम्बरवेल भागातल्या स्त्रियांचा अभ्यास करून १९७८ मध्ये पुस्तक लिहिलं. मोठा आघात झाल्यावर कोण कोसळतं आणि कोण सावरतं, हे त्यांनी तपासलं. मन मोकळं करायला जवळचं माणूस नसणं, घरात तीन किंवा अधिक लहान मुलं असणं, बाहेर काम नसणं आणि लहानपणीच आई गेलेली असणं, या गोष्टी असलेल्या स्त्रिया आघातानंतर जास्त कोलमडत होत्या. कामगारवर्गातल्या स्त्रियांवर हे ओझं अधिक होतं.

२०२० मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात मॅथ्यू रिडली, गौतम राव, फ्रँक शिलबाख आणि विक्रम पटेल यांनी जगभरातल्या पुराव्यांचा आढावा घेतला. एकाच समाजातल्या सर्वात कमी उत्पन्नाच्या लोकांत नैराश्य, चिंता असे आजार सर्वाधिक उत्पन्नाच्या लोकांपेक्षा दीड ते तीन पट जास्त आढळतात, असं त्यात म्हटलंय. संबंध दोन्ही बाजूंनी आहे, हा त्यांचा मुख्य मुद्दा. पैशाचा फटका बसला की मन ढासळतं, आणि मन ढासळलं की माणूस कामाला जाऊ शकत नाही, निर्णय चुकतात, पैसा आणखी जातो. इंडोनेशियात गरीब कुटुंबांना थेट रोख मदत दिल्यानंतर आत्महत्यांच्या प्रमाणात १८ टक्के घट झाल्याचं २०१९ मधल्या एका अभ्यासात दिसलं. त्या योजनेचा मुख्य भाग रोख मदत हाच होता.

आपल्याकडे याचा अर्थ समजायला लांब जावं लागत नाही. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि लातूरच्या बाजारात बराच काळ त्याखाली सौदे होत होते. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये याच मराठवाड्यात अतिवृष्टीने उभी पिकं पाण्यात गेली. ज्याच्याकडे पगार, विमा किंवा शिल्लक आहे, त्याला असा फटका एकदा बसतो. ज्याच्याकडे यातलं काहीच नाही, त्याला सावकाराचं व्याज, मुलाचं थांबलेलं शिक्षण, लांबलेलं लग्न अशा रूपात तोच फटका पुन्हा पुन्हा बसत राहतो. उसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांवर तर मुकादमाकडून घेतलेली उचल हंगाम सुरू होण्याआधीच असते.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशात वर्षभरात १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केल्या. त्यांतल्या सुमारे ६४ टक्के लोकांचं वार्षिक उत्पन्न एक लाख रुपयांपेक्षा कमी होतं. सर्वात मोठा एक गट, २६ टक्क्यांहून अधिक, रोजंदारीवरच्या माणसांचा होता. सर्वाधिक नोंदी महाराष्ट्रातल्या, २२,७४६. प्रत्येक आत्महत्येमागे नैराश्य असतंच असं नाही, आणि नैराश्य असलेली बहुसंख्य माणसं आत्महत्या करत नाहीत. पण दु:खाचं ओझं समाजात कुणाच्या खांद्यावर जास्त आहे, एवढं या आकड्यांतून नक्की दिसतं.

मग शहरांत प्रमाण जास्त कसं?

इथे एक आकडा उलटा वाटतो. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्याचं प्रमाण महानगरांत जास्त आढळलं. देशपातळीवर प्रौढांमध्ये ते २.७ टक्के होतं. आयुष्यात कधीतरी नैराश्य येऊन गेलेल्यांचं ५.२ टक्के, म्हणजे वीसांत एक. स्त्रियांत आणि कमी उत्पन्न गटात ते अधिक होतं. हे सर्वेक्षण १२ राज्यांत झालं आणि महाराष्ट्र त्यांत नव्हता.

'किती जणांना आजार आहे' आणि 'ज्यांना आहे त्यांचा किती वाढलेला आहे' हे दोन प्रश्न वेगळे आहेत. पहिल्याचं उत्तर शहरात मोठं असू शकतं आणि तरीही दुसऱ्याचं खेड्यात. कारण दुसऱ्यात उपचाराची भर पडते. याच सर्वेक्षणानुसार नैराश्य असलेल्या सुमारे ८५ टक्के लोकांना उपचार मिळत नव्हते.

ढोबळ आकडेमोड करू. २०११ च्या जनगणनेनुसार नांदेड जिल्ह्याची लोकसंख्या ३३.६ लाख आणि लातूरची २४.५ लाख, मिळून ५८ लाख. त्यांत प्रौढ ३८ लाख धरले आणि देशाचं २.७ टक्के प्रमाण लावलं, तर दोन जिल्ह्यांत मिळून लाखभर माणसं आज नैराश्यात असतील. ८५ टक्क्यांचं गणित इथेही खरं असेल, तर त्यांतली ८५ हजारांच्या वर उपचाराविना. दुसऱ्या बाजूला, देशात मानसोपचारतज्ज्ञांची सरासरी लाख लोकसंख्येला ०.७५ सांगितली जाते. ती लावली तर दोन जिल्ह्यांना ४३-४४ डॉक्टर येतात. राज्याची ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं. त्यांतलं एकही मराठवाड्यात नाही. नैराश्याच्या बहुतेक रुग्णांना मनोरुग्णालय लागत नाही, हे खरं. पण व्यवस्थेने आजवर कुठे लक्ष दिलं, हे त्यावरून कळतं.

ओपीडीतले आकडे वाचताना

नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था. आसपासच्या तालुक्यांतला गरीब रुग्ण अखेर अशाच ठिकाणी येतो. कुठल्याही सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात बसून अभ्यास केला तर एक गोष्ट आधीच ठरलेली असते. जो आलाय, त्याचाच अभ्यास होतो.

किनवट-माहूरच्या डोंगरातून नांदेडला यायचं तर शंभराहून कितीतरी अधिक किलोमीटर. स्वतःची रोजंदारी बुडते, सोबत येणाऱ्याचीही बुडते. केस पेपर स्वस्त असतो, दिवस महाग पडतो. महिलांना एसटीत मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, त्याने थोडी मदत होते. पण घरातून 'कशाला जायचं' हा प्रश्न अर्ध्या तिकिटाने सुटत नाही. त्यामुळे खेड्यातला गरीब रुग्ण सौम्य आजारात येतच नाही. तो येतो तेव्हा जेवण तुटलेलं असतं, काम सुटलेलं असतं, किंवा घरच्यांनी उचलून आणलेलं असतं. शहरातला बरा कमावणारा माणूस सौम्य असतानाच खासगी डॉक्टरकडे जाऊन येतो आणि सरकारी आकडेवारीत कधी दिसतच नाही. मग निष्कर्ष निघतो : गरीब, कमी शिकलेल्या, ग्रामीण रुग्णांत तीव्रता अधिक.

संख्याशास्त्राचा जाणकार म्हणेल, हा निवडीतला दोष आहे. त्यावरून सगळ्या समाजाबद्दल बोलू नका. त्याचं बरोबर आहे. पण मला वाटतं, या दोषाकडे नुसता दोष म्हणून बघणं चुकीचं ठरेल. वाटेत चार वर्षं कशी गेली, हीच तर खरी माहिती आहे. ती आपण नोंदवतच नाही. केस पेपरवर तक्रार असते, निदान असतं, गोळ्या असतात. 'त्रास पहिल्यांदा कधी जाणवला' आणि 'त्यानंतर कुठे कुठे गेलात' हे दोन रकाने प्रत्येक मानसोपचार विभागाने ठळक ठेवले आणि वर्षाकाठी तालुकावार जाहीर केले, तर आजार कुठे अडतो ते दिसेल. पैसा जवळजवळ लागणार नाही.

बायका या हिशेबात कुठे आहेत?

शेतकरी आत्महत्या झाली की महसूल खातं सातबारा, कर्जाचे कागद आणि नापिकी तपासून प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' ठरवतं. पात्र कुटुंबाला एक लाख रुपये मिळतात. सातबारा बहुतेक पुरुषाच्या नावावर असतो, त्यामुळे शेतात राबणारी बाई गेली तर ती कागदावर शेतकरी नसते, 'गृहिणी' असते. आणि नवरा गेला तर मागे राहिलेली बाई कर्जासकट शेती ओढते. महिला किसान अधिकार मंचाने विदर्भ-मराठवाड्यातल्या अशा ५०५ स्त्रियांची पाहणी केली होती. त्यांतल्या ४० टक्के स्त्रियांच्या नावावर त्या कसत असलेली जमीन तोवर झालेली नव्हती.

ब्राऊन आणि हॅरिस यांनी लंडनमध्ये जे घटक मोजले, ते इथे ठेवून बघा. आघात झालाय, मुलं लहान आहेत, सासर जमिनीवरून दुरावलंय, मन मोकळं करायला कुणी नाही. अशा बाईचे गुण विसाच्या पुढे गेले तर तो तिच्या मेंदूतला बिघाड एवढंच म्हणून कसं चालेल?

आणि 'पॅटर्न'मधली मुलं?

लातूर पॅटर्नचं कौतुक राज्यभर आहे आणि नांदेडचे क्लासही आता त्याच तोडीचे झालेत. दरवर्षी खेड्यापाड्यांतून मुलं इथे नीटच्या तयारीला येतात. एकाच बाकावर दोन मुलं बसतात. एकाला नापास झाल्यावर वडिलांच्या पैशातून खासगी महाविद्यालय आहे, पुन्हा एक वर्ष आहे. दुसऱ्याच्या फीसाठी घरातलं काहीतरी गहाण पडलंय. चाचणीतले गुण दोघांचे सारखेच कमी आले, तरी दोघांना त्याची झळ सारखी लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या, त्यांत १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक नेमावा असं म्हटलंय आणि कोचिंग क्लासही त्यांत येतात. आपल्या मुलाच्या क्लासमध्ये तो माणूस कोण आहे, हे पालकांनी प्रवेशाच्या वेळीच विचारावं. निकालाच्या फ्लेक्सवरच्या फोटोंइतकंच ते महत्त्वाचं आहे.

उपाय आहे, आणि तो जवळच सिद्ध झालाय

नैराश्य तीव्र असलं तरी बरं होतं, आणि त्यासाठी प्रत्येक वेळी तज्ज्ञच लागतो असंही नाही. गोव्यात 'संगाथ' संस्थेने १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत मध्यम-तीव्र आणि तीव्र नैराश्याच्या रुग्णांवर एक प्रयोग केला. डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ भेटी घेतल्या. माणसाला हळूहळू पुन्हा कामात, माणसांत, आवडीच्या गोष्टींत आणायचं, हे त्याचं सूत्र. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के रुग्ण आजारातून बाहेर आले होते. हे समुपदेशन न मिळालेल्या गटात ३९ टक्के. हा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला.

दुसरं उदाहरण आपल्या शेजारचं. विदर्भातल्या ३० गावांत 'विश्राम' हा कार्यक्रम राबवला गेला. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन नैराश्याबद्दल बोलायचं, पहिला आधार द्यायचा, गरज पडली तर समुपदेशकाकडे आणि मग डॉक्टरकडे पाठवायचं. सुरुवातीला नैराश्य असलेल्यांपैकी ४.३ टक्के लोक उपचारापर्यंत पोहोचत होते, नंतर २७.२ टक्के. तुलनेसाठी वेगळी गावं नव्हती, म्हणून या आकड्याकडे थोडं सावधपणे बघायला हवं. तरी सहापट फरक दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

सरकारकडे चौकट नाही असंही नाही. २०१५ पासून मराठवाडा-विदर्भातल्या १४ जिल्ह्यांसाठी 'प्रेरणा प्रकल्प' आहे. त्यात आशा कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन ताणतणावाची चाचपणी करायची असते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा तर सरकारी खर्चाच्या सेवेतून उपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क मानतो. अडचण साखळीच्या मधल्या कड्यांत आहे. आशाताईने फॉर्म भरला, पुढे काय? गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळत नसतील तर महिन्याला पुन्हा शहराची फेरी. या गोळ्यांचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात आणि बरं वाटल्यावरही सहा महिने किंवा अधिक त्या चालू ठेवाव्या लागतात. दुसऱ्या महिन्यात फेरी चुकली की आजार परत येतो आणि घरचे म्हणतात, 'गोळ्यांनी काही होत नाही.'

शेतकऱ्याला गोळी हवी की भाव?

या विषयावर लिहिलं की एक आक्षेप हमखास येतो. भाव द्या, पाणी द्या, कर्ज फेडा. समुपदेशन कसलं करता? आक्षेपात तथ्य आहे. ज्याला व्याजाची चिंता आहे त्याला 'सकारात्मक विचार करा' म्हणणं ही थट्टाच आहे. पण त्याच्या उलटही चूक होते. नैराश्य तीव्र झालं की माणूस पीकविम्याचा अर्ज करायला उठत नाही, बँकेत पुनर्गठनासाठी जात नाही, मदत दारात आली तरी ती आपल्यासाठी नाही असं त्याला वाटतं. त्या क्षणी उपचार नसेल तर भावही त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

म्हणून माझं मत असं की, या दोन गोष्टी दोन खात्यांत वाटून ठेवणं थांबलं पाहिजे. तहसीलच्या पंचनाम्याच्या यादीत ज्या कुटुंबाचं नुकसान सर्वात मोठं आहे, त्या घरी पुढच्या पंधरा दिवसांत आशाताई जावी. आणि आरोग्य केंद्रात ज्याचे गुण पंधराच्या वर आले, त्याला गोळ्यांसोबत तलाठ्याच्या आणि बँकेच्या कामात मदत करणारा माणूस मिळावा. आशाताईला या भेटीचे वेगळे आणि वेळेवर पैसे मिळावेत. नैराश्याची किमान एक-दोन प्रकारची औषधं प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात वर्षभर असावीत. यांतली एकही मागणी नव्या इमारतीची नाही.

मावशीच्या गोळ्या सुरू होऊन आता आठ महिने झालेत. गेल्या महिन्यात तिचे गुण सात आले. काकांचं कर्ज तेवढंच आहे, सोयाबीनचं काय होईल ते तिला आजही माहीत नाही. पण ती बचत गटाच्या बैठकीला पुन्हा जायला लागलीय. परवा मी विचारलं, आधीच का नाही गेलीस डॉक्टरकडे? ती म्हणाली, "अरे, मला काय झालंय हेच कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटलं, बाईच्या जन्माला आलं की असंच असतंय."

*(तुम्हाला किंवा जवळच्या कुणाला दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास वाटत असेल, झोप-भूक बिघडली असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर केंद्र सरकारच्या 'टेलि-मानस' सेवेच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर दिवसरात्र कधीही, मराठीतही बोलता येतं. जवळच्या सरकारी रुग्णालयातही मदत मागता येईल.)*